अप्रेझलचा पाऊण माणूस

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत एप्रिलमध्ये आंब्याआधी अप्रेझल पिकतं.

आधी येतो सेल्फ अप्रेझलचा फॉर्म. वर्षभरात काय दिवे लावले ते आपणच लिहायचं, वर पाचपैकी मार्कही आपणच द्यायचे. रात्री दोनला सर्व्हर झोपला होता, मी तो बंद करून परत चालू केला. फॉर्मात त्याचं 'क्रिटिकल इन्सिडंटमध्ये एंड-टू-एंड ओनरशिप घेतली' होतं. स्वतःला पाच दिले तर मॅनेजर म्हणतो, आत्मपरीक्षण कमी पडतंय. संकोचानं तीन दिले, तर वर्षात पहिल्यांदाच त्याला माझं म्हणणं शंभर टक्के पटतं.

मग वन-ऑन-वन. "तुझं काम एक नंबर झालंय रे," तो म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. "पण बेल कर्व्ह आहे ना. वरून आलंय."

बेल कर्व्ह म्हणजे घंटेच्या आकाराची रेघ: मधे गर्दी, दोन्ही टोकांना मोजकेच. तिचं खानदान मोठं. गणितज्ञ गाउसनं 1809मध्ये ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांतल्या चुकांचा हिशेब मांडायला ती वापरली. पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा प्रमुख जॅक वेल्च यानं माणसांचीच वाटणी केली. वरच्या 20 टक्क्यांना बक्षिसी, मधल्या 70ना धीर, खालच्या 10ना नारळ. मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची उतरंड 2013मध्येच मोडीत काढली. ती बातमी बहुधा अजून वाकडच्या पुलावर अडकलीय.

आमची टीम आठ जणांची. आठाचे दहा टक्के म्हणजे साधारण पाऊण माणूस. रेटिंग पाऊण माणसाला देता येत नाही, म्हणून अख्खा शोधतात. त्यासाठी सगळ्यात सोयीचा म्हणजे राजीनामा देऊन नोटीस पिरियडवर बसलेला. तळाचं रेटिंग त्याच्या गळ्यात घालायचं, त्यालाही सोयरसुतक नसतं. त्यामुळे फेब्रुवारीत कुणी 'पेपर टाकला' की टीममध्ये चेहरे दुःखी आणि मनं हलकी. यंदाचा आमचा उमेदवार मात्र मार्चमध्ये 'थांब, पगार वाढवतो' अशी काउंटर ऑफर घेऊन परत खुर्चीत. अभिनंदन सगळ्यांनी केलं. पार्टी कुणी मागितली नाही.

मी तीनवर, म्हणजे 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'वर तरलो. लेटरमध्ये सीटीसी, म्हणजे मी कंपनीला वर्षाला पडतो तो एकूण खर्च, भरघोस वाढलाय. कंपनीनं भरायचा पीएफ, पाच वर्षं टिकलो तर मिळणारी ग्रॅच्युइटी, कंपनीचं बरं चाललं तर मिळणारा व्हेरिएबल, सगळं माझ्याच पगारात धरलंय.

"ते राहू दे. हातात किती?" बायकोनं विचारलं.

मी व्हेरिएबलची फोड करून सांगायला लागलो. ती कुकर लावायला उठली.