चाळिशीतला गरुड चोच फोडून घेत नाही

निवृत्तीच्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांसोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट हमखास येते. गरुड म्हणे ७० वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं निकामी होतात, पिसं जड होतात. मग तो कड्यावर १५० दिवस एकटा राहतो, दगडावर आपटून चोच तोडतो, नव्या चोचीने नखं उपटतो, नव्या नखांनी पिसं, आणि पुढे ३० वर्षं जगतो. खचलेल्या माणसाला उभारी द्यावी ही इच्छा चांगलीच. पण यातला एकही तपशील खरा नाही, आणि तो खोटा आहे हे हिवाळा उतरताना माळावर, कड्यांखाली दुर्बीण घेऊन उभं राहिलं की कळतं.

आधी वय. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९७७ साली पायात ओळखीची कडी घातलेला, बाल्ड ईगल जातीचा एक गरुड २०१५ मध्ये वाहनाची धडक बसून मेला. वय ३८. रानातल्या त्या जातीत हे विक्रमी आयुष्य मानलं जातं. म्हणजे गोष्ट जिथे सुरू होते, तिथवर बहुतेक गरुड पोचतच नाहीत. कितीतरी पिल्लं पहिल्या वर्षातच मरतात.

चोचीचं तर सोपं आहे. वरचं आवरण आपल्या नखांसारखंच केराटिनचं. ते सतत वाढतं आणि मांस फाडताना, फांदीवर घासताना झिजतं. खाऊन झाल्यावर शिक्रा किंवा खरुची (केस्ट्रेल) हे छोटे शिकारी पक्षी बघा. चोच दोन्ही बाजूंनी फांदीला पुसतात. आवरणाखाली जबड्याचं हाड असतं, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. ते मोडलं तर परत येत नाही, आणि पक्षी उपाशी मरतो. नखांच्या आतही हाडच असतं.

पिसं मात्र खरोखर बदलतात, आणि खरी रीत गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे. एका वेळी मोजकी पिसं गळतात, साधारणपणे दोन्ही पंखांत सारख्याच जागी, म्हणजे तोल जात नाही आणि शिकार थांबत नाही. मोठ्या गरुडांना उडण्याची सगळी पिसं बदलायला वर्षाहून जास्त काळ लागतो. डोक्यावरून घार गेली की पंखाच्या कडेकडे नीट पाहा. पिसं बदलत असतील तर मधली फट दिसते, आखूड नवं पीसही दिसतं. हे चाळिशीची वाट न पाहता आयुष्यभर चालतं.

राहिला १५० दिवसांचा एकांत. इतके दिवस उपाशी राहून कोणताही शिकारी पक्षी जगणार नाही. शिवाय फेब्रुवारीत सह्याद्रीच्या कड्यावर दिसणारी मोरघार (बोनेलीचा गरुड) एकटी नसते, जोडी असते. तिचा विणीचा हंगाम हिवाळ्यातच येतो. अंडी सुमारे ४० दिवस उबवायची, मग दोन महिन्यांहून अधिक काळ पिल्लांना भरवायचं. या दिवसांत घरट्याजवळ माणूस गेला तर ती अंड्यांवरून उठते, अंडी गार पडतात. म्हणून दुर्बीण वापरा, लांबूनच बघा, आणि घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका.