म्हातारी कोंबडी कुणी बघितलीय?

परवा आमची काबरी गेली. पाच वर्षांची होती. सकाळी खुराडं उघडलं तर बाकीच्या धडपडत बाहेर आल्या, ही कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन तशीच. उचलली तर गार.

आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग रडालीस कशाला? म्हातारी होऊन मेलेली कोंबडी मी जन्मात बघितली न्हाई. नशीबवान म्हणायची."

आणि खरंच आहे. पहिल्यांदा सात तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणल्या होत्या, हौसेनं नावंसुद्धा ठेवली होती. काबरी त्यांतलीच. वयानं गेली ती ही एकटीच. दोघींना मुंगसानं नेलं, एकीला कुत्र्यानं. त्याचं दुःख झालं, पण राग धरला नाही. खानापूरच्या जंगलाला लागून राहायचं आणि मुंगसाला शिव्या घालायच्या, हे काय बरोबर नाही. फळी दोन बोटं सरकलेली, ती आमच्याकडनंच.

मनातनं जात नाहीत त्या उरलेल्या तिघी. मानमोडी. दवाखान्यात राणीखेत म्हणतात. आधी हिरवट पातळ हगवण, मग चोच उघडी ठेवून घरघर. तिसऱ्या दिवशी तांबडीची मान अशी पिळवटली की दाणा टिपायला जायची आणि चोच पाठीकडं वळायची. तरी ती पुन्हा पुन्हा टिपायला बघायची. तासभर मी तिथंच बसून होते. यावर औषध नाही, विषाणूचा रोग आहे. लस मात्र आहे. सातव्या दिवसाच्या आसपास पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आणि आठ आठवड्यांनी पंखाखाली सुई. मी दिली नव्हती. कुपी शंभर पक्ष्यांची येते, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी कोण आणतंय, म्हणून राहिलं. म्हणून मेल्या. बाकी नशीब बिशीब काही नाही.

त्यावेळी गल्लीतल्या एका काकूंनी सुचवलं, "मरायच्या आत कापून टाक, वाया कशाला घालवतीस?" त्यांनी त्यांच्या कापल्या, पिसं आणि आतडी गटारीत टाकली. आठवड्याभरात खालच्या आळीत एक कोंबडी राहिली नाही. आजारी कोंबडी कापून खाण्यापेक्षा खोल खड्डा, वर चुना, एवढं करा. हे मी भांडून सांगते, वाईट वाटलं तर वाटू दे.

आता लस आम्ही गल्लीत वर्गणी काढून आणतो. पलीकडच्या कन्नड अज्जी हिशेब ठेवतात. पहिल्यांदा त्यांनी "निमगे येष्टु कोळी?" विचारलं, तेव्हा आमचा धाकटा घरभर जाळी शोधत फिरला होता. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी, हे त्याला कुठलं ठाऊक!

फेसबुकवर कोंबडी मेली की लोक "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहितात. लिहा की. पण आधी खुराड्याची कडी बघा, लसीची तारीख बघा. ते केल्यावरही मेली तर मग खुशाल रडा. मी काबरीसाठी रडले, आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी आजीनं विचारलं, "काय केलीस तिचं?"

"पुरली, पपईखाली."

"एक दिवस आधी तरी सांगायचं हुतीस गं," आजी म्हणाली. "जुन्या कोंबडीचा रस्सा काय लागतोय, तुम्हाला म्हाईत न्हाई."