दंडाचं माप

आज संध्याकाळी ब्लाऊज शिवायला टाकायला गेले होते. पुतणीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. पोपटी काठाची साडी मोठ्या हौसेने घेतलीय, तिच्यावरचा ब्लाऊज. शिवणाऱ्या बाईंकडे मी दहा-बारा वर्षं जातेय, हात चांगला आहे त्यांचा. त्यांनी दंडाला टेप लावली, वहीत मागचं माप बघितलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "ताई, पावणेचौदा आलं की. मागच्या वेळी सव्वातेरा होतं. आणि तुम्ही तर जिमला जाता ना?"

दुकानात अजून दोघीजणी बसलेल्या. त्यातली एक ओळखीची. ती लगेच, "अगं मग कोपरापर्यंत घे ना बाही, झाकलं जातं सगळं."

मी काय बोलले? काही नाही. "बघते, कळवते" म्हणून निघून आले. रस्ताभर कानशिलं तापलेली होती माझी. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, सगळं आवरलंय, आई झोपलीय, आणि मला अजून झोप नाहीये, म्हणून लिहितेय.

झाकलं जातं म्हणजे काय? काय झाकायचंय? मी काय चोरून आणलंय तिथे?

ज्यांना माहिती नाही त्यांना सांगते मी जिमला का जायला लागले ते. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. रात्री अडीचला आई बाथरूममधून येताना पॅसेजमध्ये बसली. पडली असंही नाही, भिंतीला धरून धरून खाली सरकली. लागलं नव्हतं काही, फक्त उठता येत नव्हतं. गुडघे दोन्ही गेलेले, वजन बासष्ट किलो. हे कामासाठी बाहेरगावी, बाबा एकोणऐंशी वर्षांचे, ते नुसते दाराला धरून उभे. मी तिला उचलायला गेले. एकदा गेले, दोनदा गेले, तिसऱ्यांदा माझीच कंबर अशी धरली की मीच तिच्या शेजारी फरशीवर बसले. शेवटी खालून वॉचमनकाकांना बोलावलं. भला माणूस, त्यांनी खाली मान घालून उचललं तिला. पण आईचा गाऊन ओला होता आणि ती टॉवेल ओढून ओढून पायावर घेत होती, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला बोलवायला नको होतंस गं."

मला सेहेचाळिसावं होतं तेव्हा. त्याच आठवड्यात मी जिम लावली. बारीक व्हायला नाही. आईला उचलता यावं म्हणून. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आजपर्यंत, कारण बायका जिमला जातात म्हणजे बारीक व्हायलाच जातात असं सगळ्यांनी धरलेलंच असतं, आणि मीही "हो हो, थोडं वजन" असं म्हणून मोकळी व्हायचे.

सुरुवातीला दोन-दोन किलोचे डंबेल डोक्यावर नेताना हात थरथरायचे. आज साडेसात-साडेसात किलोचे खांद्यावरून वर जातात. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहायचं, ती पंचावन्न किलो करते. गॅसचा भरलेला सिलिंडर, चौदा पॉइंट दोन किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन म्हणजे तीसच्या आसपास, तो मी एकटी दारातून ओट्यापर्यंत नेते. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहाला, पावसात, थंडीत. ट्रेनर पोरगी माझ्या लेकीच्या वयाची आहे पण पाठ वाकली की ओरडते, आणि मला ते आवडतं.

आणि दंड? दंड आहे तसाच आहे. हात वर केला की खालचं लोंबतं, हात हलवला की हलतं. सगळी ताकद आतमध्ये आली, वरची ओढणी काही निघाली नाही. माप वाढलं ते आतल्या स्नायूने वाढलंय हे मला माहितीय, पण टेपला काय कळतं आत काय आहे आणि बाहेर काय आहे.

आता सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का. मोबाईल उघडला की तेच. एकवीस दिवसांत दंड बारीक, झोपण्याआधी फक्त पाच मिनिटं, हे तेल चोळा, ती पट्टी गुंडाळा. साफ खोटं आहे सगळं. शरीर चरबी वापरतं तेव्हा ती चरबीच्या पेशींमधून सुटून रक्तात येते आणि रक्त काय फक्त दंडातून फिरतं का? दंडाचा व्यायाम केला म्हणून दंडावरचीच चरबी जळेल असं काही नसतं. १९७१ साली टेनिस खेळणाऱ्यांचे दोन्ही हात मोजून बघितले होते. ज्या हाताने वर्षानुवर्षं रॅकेट मारली तो हात स्नायूंनी मोठा झालेला, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांना सारखीच. म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षं झाली हे कळून आणि अजून आपल्याला तेच विकतायत! आणि आपण घेतोय.

आमच्या जिममध्ये एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी येते. रोज एक-एक किलोचे डंबेल घेते आणि आरशासमोर हात मागे मागे शंभर वेळा, घाम गळेपर्यंत. मध्येच चिमटीत दंड धरून बघते गेला का. मला तिच्याकडे बघवत नाही. परवा मी तिला म्हटलं, अगं पाच किलोचे घे, कमी वेळा कर, ताकद तरी येईल. तर म्हणते, "नको काकू, हात जाड होतील." बावीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताची इतकी भीती! कुणी घातली ही भीती तिच्यात? आपणच ना. ब्लाऊजच्या दुकानात बसून.

बरं, वजन उतरलं की दंडही थोडा उतरतो, नाही असं नाही. पण आधी कुठून उतरणार हे आपल्या हातात नसतं. माझं पाच किलो उतरलं, गाल बसले, गळ्याची हाडं दिसायला लागली, लोक म्हणायला लागले आजारी होतीस का, दंड मात्र जागेवर. चरबी कुठे साठणार आणि कुठून शेवटी जाणार हे घराण्यावर असतं, हार्मोन्सवर असतं, पाळी जायच्या दिवसांत तर सगळाच हिशोब बदलतो. आणि कातडी एकदा सैल झाली की वजनं उचलून ती आवळत नाही. आमच्याकडे आईचा दंड, मावशीचा दंड आणि माझा दंड शेजारी ठेवले तर कुणाचा कुठला ओळखू येणार नाही. आजीचाही तसाच होता. लहानपणी दुपारी तिच्याशेजारी झोपलं की आम्ही नातवंडं तिच्या दंडाखालचं मऊ मऊ हलवत बसायचो, गार लागायचं हाताला. ती आयुष्यभर विहिरीवरून पाणी आणलेली बाई. तिला कुणी म्हटलं नाही की तुझे दंड सुटलेत. म्हटलं असतं तर तिला कळलंच नसतं काय म्हणताय ते.

कुणाला ऑपरेशन करून घ्यायचं असेल तर करा बाई, तुमचा हात तुमचा पैसा, फक्त काखेपासून कोपराकडे व्रण राहतो हे विचारून घ्या आधी. आणि दंड दुखत असतील, दाबलं की कळ येत असेल, लगेच निळे पडत असतील तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याला डॉक्टरच. मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये.

मी बोलतेय ते आपल्यासारख्या धडधाकट बायकांबद्दल. उन्हाळ्यात चाळीस डिग्रीत कोपरापर्यंत बाह्या घालतो आपण. फोटो काढताना पदर दंडावरून ओढून घेतो, नाहीतर हात अंगापासून लांब धरतो म्हणजे दबून पसरलेला दिसणार नाही. मी स्वतः केलंय हे, वीस वर्षं केलंय. लेकीच्या बारशाचे फोटो बघा, प्रत्येक फोटोत माझा पदर दोन्ही दंडांवरून घेतलेला आहे, मांडीवर बाळ आणि लक्ष पदराकडे.

आणि दुसऱ्या बाजूने पण सुटका नाही हं. २००० साली कर्णम मल्लेश्वरीने सिडनीला ब्राँझ आणलं, ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. दोनशे चाळीस किलो उचललं होतं एकूण. मी तेव्हा बावीस वर्षांची. आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर सगळे बसलेलो आणि कुणीतरी म्हणालं, "बापरे, दंड बघ, पुरुषासारखे." आणि मी मान डोलावली. मला आज त्याची लाज वाटते. त्या बाईने देशासाठी लोखंड डोक्यावर धरलं आणि मला तिचे दंड खटकले. म्हणजे स्नायू दिसले तर पुरुषी, चरबी दिसली तर सुटलेली. मग बाईचा दंड असायचा तरी कसा? काठीसारखा? त्या काठीने आई उचलली जाते का?

आई उचलली जाते का, हाच प्रश्न आहे माझा. परत तिथेच येते मी. कारण या मार्चमध्ये ती परत बसली. दुपारची वेळ, बेडरूममध्ये, कपाटाशी. बाबा तसेच दाराला धरून उभे. आधी तिला सगळीकडे दाबून विचारलं, कुठे लागलंय का, खुबा दुखतोय का, पाय हलतायत का. नाही म्हणाली. मग मी बाबांना स्वयंपाकघरातून पाट आणायला सांगितला. तिच्या मागे उकिडवी बसले, दोन्ही हात तिच्या काखेतून पुढे घेतले, पाठ सरळ, श्वास धरला आणि आधी पाटावर. थोडं थांबलो. मग पाटावरून बुटक्या स्टुलावर. मग स्टुलावरून पलंगावर. चार-पाच मिनिटं लागली असतील. कुणालाही बोलवावं लागलं नाही. तिची साडीसुद्धा वर गेली नाही.

पलंगावर बसल्यावर तिने माझा दंड धरून ठेवला होता. सोडला नाही बराच वेळ. मग बोटांनी दाबून बघितला, भाजी घेताना बघतो तसा, आणि म्हणाली, "आतून काय घट्ट झालाय गं हात तुझा."

आतून. वरची चरबी तिच्याच घराण्याची, ती तिला कशाला लागेल हाताला! तिला बरोब्बर आतलं लागलं.

हे लिहिताना मघासचा राग जरा उतरलाय. शिवणाऱ्या बाई काही वाईट नाहीत. दिवसभर वाकून मशीन चालवतात, मान दुखते म्हणून पट्टा लावतात, त्यांना येणारी प्रत्येक बाई सांगते की दंड झाकून द्या, पोट झाकून द्या, त्यांना वाटलं मलाही तेच हवं असणार. त्यांनी कधी स्वतःसाठी बिनबाह्यांचं काही शिवलं असेल का कुणास ठाऊक. त्या ओळखीच्या बाईचं मात्र मला अजून लागलंय. तिला मी काय करते ते माहितीय, कशासाठी ते विचारलं नाही कधी तिने.

आणि दंड गेला पाहिजे हे मी सोडून दिलंय. रडून नाही, खरंच सोडून दिलंय. आरशात बघते, हात वर करते, ते लोंबतं, मी बघते, पुढचा सेट मारते. पुढच्या वर्षी डेडलिफ्ट साठच्या वर न्यायची आहे, कारण आईचं वजन बासष्ट आहे आणि बाबांचेही आता पाय लटपटतात. हे दोनच आकडे माझ्या डोक्यात आहेत. पावणेचौदा त्यात नाही.

आता शिवणाऱ्या बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकलाय. बाही नको. मुंढा काचायला नको, हात डोक्यावर नेता आला पाहिजे.

निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.