भरतीची वेळ साधा

खाडीकाठच्या डम्पिंगच्या पाण्यावर लक्ष ठेवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन! ठाण्यात याहून सुखाची नोकरी नाही. फक्त भरती-ओहोटीचं कोष्टक खिशात ठेवा.

नमुना भरतीलाच घ्या. उधाणाची भरती मिळाली तर सोन्याहून पिवळं. ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी कोऱ्या चहाच्या रंगाचं फेसाळ पाणी खाडीत उतरत असतं. तेव्हा बाटली घेऊन तिथे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. भरतीला समुद्र तेच पाणी फुकटात पातळ करून देतो, निविदासुद्धा काढावी लागत नाही.

नमुने दोन लागतात, डम्पिंगच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक. दोन्ही वरूनच भरा. आकडे असे जुळतील की डम्पिंगमुळे पाण्याला काडीचा फरक पडत नाही, हे शास्त्रशुद्ध सिद्ध होईल. बाटली बर्फात ठेवायची असते म्हणतात. कशाला? दोन दिवस डिकीत राहू द्या. आतले जंतू जेवण बरंचसं उरकून घेतात आणि बीओडी, म्हणजे घाण पचवायला जंतूंना लागणारा प्राणवायू, आपोआप उतरतो. 2016 च्या नियमांनी घातलेली अट अशी होती की लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं पाणी, नदीनाल्यात सोडायचं तर त्याचा बीओडी लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत हवा. डिकीचीही थोडी मदत घ्यायला हरकत नाही.

पावसाचं पाणी कचऱ्याला न शिवता बाजूने निघून जावं म्हणून भोवती गटार काढलेलं असतं. ते मे महिन्यात उपसू नका, गाळातली झुडपं छान वाढलीत. पावसाळ्याआधी कचऱ्यावर 40 ते 65 सेंटिमीटर मातीचा थर लागतो. माती कागदावर वेळेत येते, तेवढं बास. लिचेटची टाकी मात्र जूनपर्यंत काठोकाठ भरलेली हवी. पहिल्या मुसळधार सरीत ती आपली आपण रिकामी होते, पंपाची वीज वाचते. (कुठे रिकामी होते, हा रकाना तक्त्यात नाही.)

अहवालाच्या मुखपृष्ठावर फ्लेमिंगो टाका. 2022 पासून ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, त्यामुळे गुलाबी रंग साहेबांना फार आवडतो.

उरले कोळीदादा. ते निवट्यांची, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांची, टोपली घेऊन येतील, म्हणतील, "सायब, निवट्यांना वास येतो, कोन घेत नाय." खुर्ची द्या, चहा पाजा आणि अर्ज तीन प्रतींत मागा. टोपली दाराबाहेरच ठेवायला सांगा. मग नोंदवहीत तक्रारींपुढे 'निरंक' लिहा. अर्ज अजून आलेला नाही ना!