लस कोणत्या वयावर तपासली, हे आधी विचारा

कुठल्याही नव्या लशीची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'चाचण्या पूर्ण झाल्यात ना?' उत्तरही ठरलेलं, 'हो, तिन्ही टप्पे झालेत.' आणि विषय मिटतो. त्या चाचण्या कोणावर झाल्या, हे फारसं कुणी विचारतच नाही. पंचविशीतल्या धडधाकट तरुणांवर छान चाललेली लस सहा आठवड्यांच्या बाळाला काय करेल, किंवा पंचाहत्तरीच्या आजींना तिचा काही उपयोग होईल का, हे त्या तरुणांकडे बघून कळत नाही हो.

बाळ म्हणजे छोट्या आकाराचा माणूस, डोस जरा कमी केला की झालं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर काही जिवाणूंच्या नुसत्या साखरेच्या आवरणाला दादच देत नाही. म्हणून न्यूमोकोकस आणि हिब या न्यूमोनिया, मेंदूज्वर घडवणाऱ्या जिवाणूंच्या लशींत ते आवरण प्रथिनाला जोडावं लागलं. मलेरियाच्या 'आरटीएस,एस' लशीचं बघा. आफ्रिकेतल्या ७ देशांत १५ हजारांहून जास्त मुलांवर तिची चाचणी झाली. ५ ते १७ महिन्यांच्या मुलांना जेवढं संरक्षण मिळालं, तेवढं ६ ते १२ आठवड्यांच्या बाळांना मिळालं नाही. लस तीच, वयात फरक काही महिन्यांचा!

यावर हमखास येणारी प्रतिक्रिया म्हणजे, 'लहान लेकरांवर प्रयोग कसले करता?' राग समजतो. पण मग १९६०च्या दशकातली आरएसव्हीची गोष्ट नीट वाचायला हवी. हा विषाणू बाळांच्या फुप्फुसांवर हल्ला करतो. १९६६च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मलिन या रसायनाने मारलेल्या विषाणूची लस काही बाळांना दिली. पुढे साथ आली तेव्हा, लस घेऊनही संसर्ग झालेल्या बाळांपैकी एका चाचणीत तब्बल ८० टक्के बाळांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली. लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं विषाणूला चिकटत होती, पण त्याला निकामी करत नव्हती. उलट दाह वाढला.

'बघा, म्हणूनच बाळांवर चाचण्या नकोत' असं म्हणायला हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. मी त्यातून नेमका उलटा अर्थ काढतो. मोठ्या माणसांना आरएसव्ही लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे मोठ्यांवर कितीही चाचण्या केल्या असत्या तरी हा धोका दिसलाच नसता. तेवढ्या भरवशावर लस सरसकट बाळांना दिली असती तर? चाचणी तेव्हाही झालीच असती, फक्त लाखो बाळांवर, नोंदी न ठेवता, आणि कुणाची संमती न घेता.

चाचणी केवढी मोठी, हाही प्रश्न आहेच. बाळांना जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूची पहिली लस अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाली आणि वर्षभरात मागे घ्यावी लागली, कारण साधारण दहा हजारांत एका बाळाला आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास होत होता. काही हजार बाळांच्या चाचणीत असला धोका पकडणं अवघडच. म्हणून नंतरच्या दोन लशींच्या मुख्य चाचण्यांत प्रत्येकी ६० हजारांहून जास्त बाळं घेतली गेली.

आता एवढ्या बाळांमागे काय असतं? बहुतेक वेळा एक डायरी कार्ड, एक थर्मामीटर आणि लाली मोजायची एक छोटी पट्टी. बाळ झोपलं की आई त्याच्या मांडीवर, लस टोचली तिथे, पट्टी लावून लाल चट्टा किती मिलिमीटर ते लिहिते. ताप, रडणं, दूध कमी प्यायलं का, सगळं रोजच्या रोज. लशीच्या खोक्यासोबत येणाऱ्या कागदावर बारीक अक्षरात 'सौम्य ताप' असं छापलेलं असतं ना, ते अशा हजारो आयांच्या जागरणातून आलेलं असतं. त्यांना 'गिनिपिग' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

गरोदर बायकांचं तर विचारूच नका. त्यांना वगळणं हाच सुरक्षित मार्ग मानायची सवय लागलेली. कोविडच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांतूनही त्यांना बाहेर ठेवलं आणि नंतर डॉक्टरांनाच विचारत बसलो, 'घ्यायची का?' आरएसव्हीच्या बाबतीत मात्र शहाणपणा झाला. ७ हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, आईला दिलेल्या लशीमुळे बाळाच्या पहिल्या ९० दिवसांतला गंभीर आजार सुमारे ८२ टक्क्यांनी कमी झाला. २०२३मध्ये ती मंजूर झाली. दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच लशीच्या चाचणीत मुदतपूर्व प्रसूती जास्त दिसल्या, तेव्हा २०२२मध्येच ती थांबवली. मोजत होते, म्हणून कळलं.

आणि म्हातारी माणसं. वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते, हे सगळ्यांना ठाऊक. ६५ वर्षांवरच्यांसाठी चौपट प्रतिजन (म्हणजे शरीराला ओळखायला दिलेला विषाणूचा अंश) असलेली फ्लूची लस सुमारे ३२ हजार ज्येष्ठांवर तपासली, तेव्हा साध्या लशीच्या तुलनेत फ्लूचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी दिसलं. म्हणजे त्यांच्यासाठी वेगळं काही करता येतं. पण चाचणीला कोणते ज्येष्ठ निवडतात? बऱ्याचदा त्यातल्या त्यात ठणठणीत. मधुमेह ताब्यात नसलेले, किडनी अर्धी थकलेली, विसरभोळे झालेले, स्वतःहून केंद्रावर येऊ न शकणारे मागेच राहतात. लस बाजारात आली की रांगेत सगळ्यात पुढे मात्र त्यांनाच उभं करतो. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांना लस सगळ्यात आधी टोचायची ठरलीय त्यांना चाचणीतून वगळलं असेल, तर त्याचं कारण निकालाच्या पहिल्याच पानावर छापा, आणि परिणामकारकतेचा एकच ठळक आकडा देण्याऐवजी वयोगटवार आकडे द्या.