सत्तरीनंतरचं कार्ड काढा, पण गोळ्यांचा खर्चही मोजा

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल आणि त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड अजून काढलं नसेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. लांब झालीय, पण वाचा.

आयुष्मान भारत ही रुग्णालयातल्या मोफत उपचारांची केंद्र सरकारची योजना. २९ ऑक्टोबर २०२४ पासून तिच्यात ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला घेतात. उत्पन्नाचा दाखला नको, रेशनकार्डाचा रंग विचारत नाहीत, मुलगा किती कमावतो याची चौकशी नाही. तरीही "आपण कुठे दारिद्र्यरेषेखाली आहोत?" म्हणून चांगली शिकलेली माणसं गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. हप्ता एक रुपयाही नाही. जुना मधुमेह असो, बायपास झालेली असो, पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. या वयात खाजगी पॉलिसी घ्यायला गेलात तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि हप्ता पेन्शनमध्ये बसेलच असं नाही.

वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण हे ५ लाख माणशी नाहीत. आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून ५ लाख. कुटुंब आधीपासून आयुष्मानमध्ये असेल तर ज्येष्ठांचे हे ५ लाख वेगळे, त्यांना घरातल्या इतरांनी हात लावायचा नाही. खाजगी पॉलिसी किंवा ईएसआयसी (कामगार विमा) असली तरी कार्ड निघतं, म्हणून चालू पॉलिसी बंद करू नका. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्या निवृत्तांना मात्र दोन्हींतलं एकच घेता येतं आणि ही निवड एकदाच करायची असते. त्यांनी घाई करू नये. सीजीएचएसच्या दवाखान्यातून दर महिन्याची औषधं मिळतात, इथे मिळत नाहीत.

माझं खरं म्हणणं इथेच आहे. ही योजना माणूस दाखल झाला की पैसे देते. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढंच त्यात धरलंय. सोळाव्या दिवशी काय? माझ्या आईला गेल्या काही वर्षांत एकदाही ॲडमिट व्हावं लागलं नाही, पण मेडिकलचं बिल एका महिन्याला चुकलेलं नाही. बीपी, शुगर, थायरॉईड, मधूनमधून रक्ततपासणी, डॉक्टरांची फी. म्हातारपणाचा खर्च असा थेंबाथेंबाने होतो. पैसे पुरवायचे म्हणून बीपीची गोळी दिवसाआड घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना उद्या पक्षाघात झाला तर आयसीयूचा खर्च सरकार उचलेल, आणि तो टाळू शकणारी गोळी मात्र त्यांनी स्वतःच्या खिशातून घ्यायची. हे मला पटत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात काही गोळ्या मोफत मिळतात, जनऔषधी या सरकारी योजनेच्या दुकानांत स्वस्त मिळतात, त्यांचा उपयोग जरूर करा. पण चिठ्ठीवरची सगळी औषधं तिथे असतातच असं नाही. बाह्यरुग्ण तपासणी आणि नेहमीची औषधं या कार्डात यायलाच हवीत, आणि ही मागणी आपण मोठ्याने केली पाहिजे.

दुसरं म्हणजे वय. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा साठीलाच ज्येष्ठ मानतो, मग इथे सत्तर का? मधली दहा वर्षं महाराष्ट्रात राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर काढता येतात, रेशनकार्ड जपून ठेवा.

कार्डासाठी आधार पुरतं. आयुष्मान ॲपवर किंवा जवळच्या सेतू-सीएससी केंद्रात ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) होते. वय आधारवरचंच धरतात. आपल्याकडे कित्येकांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत लावलेली १ जून असते, काहींचं वर्षच चुकलेलं असतं. ते आधी दुरुस्त करून घ्या. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का एवढंच विचारू नका, या आजारासाठी यादीत आहे का ते विचारा. हृदयासाठी असलेलं रुग्णालय गुडघ्यासाठी असेलच असं नाही. दाखल होताना आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा. आमच्या ओळखीच्या एका काकांकडे कार्ड दाखवूनही आधी डिपॉझिट मागितलं होतं आणि घाबरून घरच्यांनी भरलंही. योजनेतल्या उपचारासाठी डिपॉझिट मागता येत नाही. कुणी मागितलं तर तिथेच उभं राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला, फोन लावा.