लिंबू, सोडा, मेथी आणि काखेचा वास

बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रोज काखेत लिंबू घासा, वर खायचा सोडा लावा, अनशापोटी मेथीचं पाणी प्या. सात दिवसांत शरीरातली विषं घामावाटे निघून वास कायमचा जाईल. तुरटी मात्र नको, छिद्रं बुजतात म्हणे.

ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या अपोक्राइन ग्रंथींचा (एका प्रकारच्या घामग्रंथींचा) स्राव तिथले जिवाणू फोडतात, तेव्हा वास तयार होतो. विषं बाहेर टाकणं हे यकृत-मूत्रपिंडांचं काम. आणि आज धुतलेले जिवाणू उद्या पुन्हा वाढणार, तेव्हा ‘कायमचा’ विसरा.

लिंबावर सोडा टाकला की फेस येतो, लोकांना वाटतं औषध काम करतंय. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात नि उरतं खारट पाणी. वेगवेगळे लावले तर आणखी वाईट: त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या आसपास, लिंबाचा 2 च्या जवळ, सोड्याचा 8 च्या वर. केस नुकतेच काढले असतील तर आग आग होते. कागदी लिंबाचा रस अंगावर राहिला आणि मे महिन्याचं ऊन लागलं, तर रसातल्या फ्युरानोकुमारिन नावाच्या रसायनांमुळे फोड येतात. मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

मेथीची तर गंमतच. तिच्यातलं सोटोलोन हे रसायन घामातून आणि लघवीतून बाहेर पडतं, त्याला पाकासारखा गोड वास असतो. म्हणजे वास जाण्याऐवजी नवा येतो!

आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकला, तर त्याचा अर्क बादलीभर पाण्यात इतका पातळ होतो की फारसा उपयोग नाही. अपायही नाही.

उपयोगी आहे ती नेमकी तुरटीच. ती त्वचा आक्रसते आणि जिवाणूंची वाढ रोखते. घाम तिने फारसा थांबत नाही. थोडा कमी झाला तरी अंग गार ठेवायला बाकीची त्वचा आहेच. साबणाने काख धुवा, ओला खडा 10-15 सेकंद फिरवा, कपडे घालण्याआधी वाळू द्या. किंवा एक छोटा चमचा (5 ग्रॅम) पूड 200 मिली पाण्यात विरघळवून प्लास्टिकच्या स्प्रेत भरा. धातूच्या डब्यात ठेवू नका. कापलेल्या, सोललेल्या जागी चरचरते, तिथे टाळा. न धुता, घाणीवर आणि घामावर लावली तर व्यर्थ.

एवढं करूनही वास येत असेल तर शर्ट हुंगून बघा. पॉलिएस्टरमध्ये वास मुरतो. पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग धुवा. त्यात ब्लीच अजिबात मिसळू नका, विषारी वायू सुटतो.